किडनी स्वतःला कशी सावरते

(औसा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



संयोजकांनी मला 'किडनीचे आजार आणि घ्यावयाची काळजी' असा विषय सुचवला होता. तो मी बदलून मागितला. काळजी कशी घ्यावी हे सांगणारे आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्येच बसलेले आहेत, त्यात माझी भर कशाला? मला वेगळंच बोलायचंय. आपल्या भागात कुणाच्या 'किडन्या फेल झाल्या' असं कळलं की भेटायला माणसांची रीघ लागते. एखादा एकर विकायची भाषा सुरू होते. आणि कधी कधी महिना-दीड महिन्याने तोच माणूस आठवडी बाजारात पिशवी घेऊन फिरताना दिसतो. मग लोक म्हणतात, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. खरं सांगू का, त्या दीड महिन्यात डॉक्टरने दोनच गोष्टी पाहिलेल्या असतात : माणूस दगावू नये, आणि किडनीला दुसरा फटका बसू नये. बाकीचं काम किडनीच्याच पेशींनी केलेलं असतं. ते त्या कशा करतात आणि कधी कधी ते अर्धवट का राहतं, एवढंच आज सांगणार आहे.

एक फरक आधीच मांडून ठेवतो. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने दहा-पंधरा वर्षं आतून पोखरलेली किडनी वेगळी, आणि चार दिवसांत बंद पडलेली किडनी वेगळी. पहिलीतला गेलेला भाग परत येत नाही. दुसरीतला येऊ शकतो. घरच्यांना दोन्ही वेळा 'फेल' असंच ऐकू येतं आणि तिथेच अर्धा धीर सुटतो. मी आज दुसरीबद्दल बोलतो आहे.

औशात उभं राहून ढिगाऱ्याबद्दल बोलायचं तर जपून बोलावं लागतं. किल्लारीचा भूकंप : ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं नुकती झोपली होती. किल्लारी आपल्याच तालुक्यातलं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचं ओझं. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिलेला आहे. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी तो ढिगारा स्वतःच्या हातांनी उपसलेला असेल, त्यामुळे मी वर्णन करत नाही. पण ढिगाऱ्याचा आणि किडनीचा संबंध आहे, आणि वैद्यकाला तो नीट कळला तोही ढिगाऱ्यांमुळेच.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. हॅमरस्मिथ रुग्णालयातले एरिक बायवॉटर्स आणि त्यांचे सहकारी डेस्मंड बील यांनी १९४१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चार रुग्णांची हकिकत छापली. माणूस काही तास भिंतीखाली अडकलेला. पाय किंवा हात दाबलेला. बाहेर काढला तेव्हा बोलतोय, शुद्धीवर आहे, बरा दिसतोय. पाय तेवढा सुजलेला. काही तासांत रक्तदाब उतरतो. लघवी कमी होत जाते, तिचा रंग तपकिरी-काळपट होतो. रक्तातला युरिया आणि पोटॅशियम रोज वाढत जातं, आणि आठवड्याच्या आत माणूस अचानक जातो. किडनीला तर धक्काही लागलेला नव्हता. चेंगरला होता पाय. शवविच्छेदनात दिसलं की मेलेल्या स्नायूतला रंगीत पदार्थ रक्तावाटे किडनीत उतरून तिथल्या नलिकांत साचला आहे आणि नलिकांच्या पेशी मेल्या आहेत. तो पदार्थ म्हणजे मायोग्लोबिन. म्हणूनच आज अडकलेल्या माणसाला ढिगाऱ्यातून ओढून काढण्याच्या आधी, शक्य असेल तर तिथेच, शिरेतून सलाईन सुरू करतात. १९८८ च्या आर्मेनियाच्या भूकंपात शेकडो जणांच्या किडन्या अशा बंद पडल्या आणि डायलिसिसची सोय तोकडी पडली. त्यातून धडा घेऊन जगभरच्या किडनीतज्ज्ञांनी आपत्तीसाठी वेगळं पथक उभं केलं. १९९९ मध्ये तुर्कस्तानात मार्मारा भागात भूकंप झाला तेव्हा हे पथक मदतीला गेलं. तिथे किडनीचा त्रास झालेल्या ६३९ जणांची नोंद झाली, त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिस लागलं, आणि बहुतेक जण वाचले.

वाचले म्हणजे नेमकं काय झालं? डायलिसिसच्या यंत्राने किडनी दुरुस्त केली का? नाही. हा गैरसमज डॉक्टरांच्या घरातही सापडतो. हॉलंडमध्ये कांपेन नावाच्या गावात विलेम कोल्फ नावाचा डॉक्टर होता. जर्मनांच्या ताब्यातल्या त्या गावात त्याने १९४३ पासून एक यंत्र चालवलं : लाकडी पट्ट्यांचं फिरतं पिंप, त्याभोवती सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी गुंडाळलेली, खाली मिठाच्या पाण्याची टाकी. सुरुवातीचे रुग्ण एकामागून एक गेले. सप्टेंबर १९४५ मध्ये बेशुद्धावस्थेत आणलेली ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली, तिची लघवी सुरू झाली, आणि पुढे ती काही वर्षं जगली. तिच्यावर उपचार झाले ते थोड्या दिवसांपुरते. पुढची वर्षं ती स्वतःच्या किडनीवर जगली. यंत्राने रक्तातला कचरा काढून वेळ मिळवून दिला. मिळालेल्या त्या वेळेत किडनी आत काय करत होती, हे मात्र पुढची साठेक वर्षं वादाचंच राहिलं.

ते समजायला किडनी जरा जवळून बघू. दोन्ही किडन्यांचं मिळून वजन पाव किलोच्या थोडं वर. एवढ्याशा अवयवाकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा जातो. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ. तिथून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळून खाली येतं. आपण लघवी करतो दीड लिटर. मधलं पावणेदोनशे लिटरहून जास्त पाणी, त्यातलं मीठ, साखर, सगळं परत रक्तात ओढून घ्यावं लागतं. हे काम नलिकेच्या पेशींचं. त्यांच्या आतल्या बाजूला ब्रशच्या केसांसारखी दाट झालर असते आणि पोटात ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची गर्दी. किडनीत सगळ्यात जास्त राबतात त्या ह्याच. गंमत अशी, की नलिकेचा सरळ उतरणारा भाग जिथे असतो तिथे किडनीत मुळातच प्राणवायू बेताचा. रक्तदाब पडला, अंगातलं पाणी आटलं, सापाचं विष उतरलं, जंतुसंसर्ग रक्तात पसरला, कारण कुठलंही असो, पहिला मार ह्याच पेशींना.

निरोगी नलिकेचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशींचं एक भरीव कडं दिसतं. दुखापतीनंतर दुसऱ्या दिवशी तेच पाहा. झालर गळालेली. काही पेशींचं केंद्रक दिसेनासं झालेलं. काही पेशी कड्यातून सुटून नलिकेच्या पोकळीत पडलेल्या आणि तिथेच बोळा बसलेला. मागचं पाणी तुंबतं, कड्याला भगदाडं पडल्यामुळे गाळलेलं पाणी उलट मागे झिरपतं. हे बोळे कधी लघवीतून बाहेर येतात. लॅबमध्ये लघवीची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा थेंब काचेवर घेतला की मातकट तपकिरी रंगाचे, दाणेदार, लांबट तुकडे दिसतात. ही तपासणी फुकटात पडावी इतकी स्वस्त आहे, आणि आजकाल कुणी करत नाही. सगळे रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा बघतात. थेंब बघणारा टेक्निशियन सापडला तर त्याला जपा.

आता दाह. आपण दाह म्हटलं की शत्रू समजतो. मेलेली पेशी फुटली की तिच्या पोटातला माल बाहेर सांडतो. एरवी आत बंद असलेले हे पदार्थ बाहेर दिसले की शेजारच्या पेशींना कळतं, इथे काहीतरी घडलंय. त्या रासायनिक हाका मारतात. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, तिथे पोहोचतात, मागून मॅक्रोफेज. त्या विषारी पदार्थ सोडतात, जंतू असले तर मारतात, आणि गडबडीत धडधाकट पेशींनाही जखमी करतात. म्हणजे हाक घातली कुणी? नलिकेच्या पेशींनी. मार खाल्ला कुणी? त्यांनीच. पण सावरायला सुरुवातही त्यांच्याकडूनच होते, आणि हे ज्या प्रकारे होतं त्याचं मला आजही नवल वाटतं.

१९९८ साली बोस्टनच्या जोसेफ बॉनव्हेंत्रे यांच्या प्रयोगशाळेत एक प्रथिन सापडलं. निरोगी किडनीत ते जवळजवळ नसतंच. दुखापत झाली की नलिकेच्या वाचलेल्या पेशींवर ते झपाट्याने उगवतं. त्याचं नाव ठेवलं किम-१. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, त्याचं काम कळलं. पेशी मरायला लागली की तिच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध पदार्थ, फॉस्फॅटिडिलसेरीन, बाहेरच्या पृष्ठभागावर येतो. किम-१ तो ओळखतं, त्याला चिकटतं, आणि ती वाचलेली पेशी आपल्या मेलेल्या शेजारणीला चक्क गिळून टाकते. एरवी मीठ-पाणी ओढण्याचं काम करणारी पेशी थोड्या दिवसांसाठी सफाईचं काम अंगावर घेते. मेलेला माल उघड्यावर फुटण्याआधी गिळला गेला तर हाकाही कमी जातात. याच प्रयोगशाळेने पुढे उंदरांत दाखवलं, की किम-१ चा गिळण्याचा गुण काढून टाकला तर दाह वाढतो आणि किडनी जास्त खराब होते. म्हणजे सफाई आणि दाह आवरणं ही दोन कामं वेगळी नाहीतच.

सफाई झाली. आता कड्याला पडलेली भगदाडं कोण बुजवणार? यावर बराच काळ मतं वेगवेगळी होती. काहींचं म्हणणं, अस्थिमज्जेतून मूळपेशी येऊन नव्या पेशी घडवतात. काहींचं म्हणणं, किडनीच्याच कोपऱ्यात मूळपेशी दडून असतात. २००८ मध्ये बेंजामिन हम्फ्रीज, बॉनव्हेंत्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा सरळ प्रयोग केला. त्यांनी असे उंदीर वापरले ज्यांच्या नलिकेच्या पेशी जन्मापासून रंगाने खुणावलेल्या होत्या; बाहेरून आलेल्या कुठल्याही पेशीवर ती खूण नसणार. मग किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडवून दुखापत केली आणि ती बरी होऊ दिली. नव्या पेशी बाहेरून आल्या असत्या तर नलिकेत बिनखुणेच्या पेशींचे ठिपके दिसले असते. तसं काही दिसलं नाही. सगळ्या नव्या पेशी खुणावलेल्याच. म्हणजे त्या आतल्याच, वाचलेल्या पेशींच्या लेकी.

शेतकऱ्यांना हे चटकन कळेल. सोयाबीन उगवून आलं आणि मध्ये मोकळ्या जागा राहिल्या की आपण नांग्या भरतो. घरातलं उरलेलं बी आणून टोबतो. किडनीत बी आणायला घरच नाही. तिथे शेजारचं रोपच आडवं पसरून मोकळी जागा झाकतं, मग स्वतःचे दोन करतं, आणि मग उभं राहतं. वाचलेली पेशी आधी आपली झालर मोडते, चपटी होते, आपली नेहमीची ओळख पुसते. भगदाडावर पसरते. मग विभागते. भगदाड भरलं की पुन्हा उभट होते, झालर उगवते, मीठ ओढायला लागते. उंदरात हे सगळं आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतं. माणसात जास्त वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळाची खूण वॉर्डात बसलेल्या नातेवाइकांना डोळ्यांनी दिसते. दोन आठवडे थेंब थेंब लघवी होत असलेल्या माणसाची लघवी एकदम सुटते. तीन लिटर, चार लिटर, कधी त्याहून जास्त. घरचे पेढे वाटतात. नर्स मात्र सलाईनचा हिशोब लावत बसते, कारण गाळणं सुरू झालेलं असतं पण नव्या पेशींना अजून पाणी परत ओढायचं येत नसतं. तेवढे चार दिवस पाणी आणि पोटॅशियम सांभाळलं नाही तर बरी होत आलेली किडनी पुन्हा कोरडी पडते.

एक मर्यादा इथेच सांगून टाकतो. नलिकेच्या पेशी नव्या होतात, अख्खा नेफ्रॉन नवा होत नाही. माणसाचे सगळे नेफ्रॉन आईच्या पोटात, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होऊन संपतात. झेब्राफिश नावाचा छोटा मासा मोठेपणीही नवे नेफ्रॉन बनवतो. आपल्याला ते जमत नाही. जो गेला तो गेला.

आता मॅक्रोफेजकडे परत येतो, कारण गोष्टीचा पेच तिथे आहे. सुरुवातीला भांडायला आलेल्या ह्याच पेशी दोन-तीन दिवसांनी रूप पालटतात आणि नलिकेच्या पेशींना वाढीचे संदेश द्यायला लागतात. हा पालट घडवून आणण्यात नलिकेच्या पेशी सोडत असलेल्या सीएसएफ-१ या पदार्थाचा हात असतो. म्हणजे पुन्हा त्याच. म्युनिकला हान्स-योआखिम आंडर्स यांच्या प्रयोगशाळेत २०१४ मध्ये ह्यावर एक सुंदर प्रयोग झाला. त्याचे पहिले लेखक ओंकार कुलकर्णी. नाव ऐकून तुम्ही माना वर केल्यात, मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा केली होती. पेशींच्या अंगावर टीएलआर-४ नावाचा एक स्वीकारक असतो, फुटलेल्या पेशीतला माल ओळखून दाह पेटवणारा. त्यांनी तो दुखापतीच्या सुरुवातीलाच बंद केला तर उंदरांच्या नलिका वाचल्या. अपेक्षेप्रमाणेच. मग त्यांनी तोच स्वीकारक काही दिवस उशिरा, बरं होण्याच्या काळात बंद केला. तर किडनी सावरायची थांबली. कारण त्या काळात हाच स्वीकारक मॅक्रोफेज आणि त्यांच्यासारख्या पेशींकडून इंटरल्युकिन-२२ नावाचा पदार्थ सोडवतो. तो पदार्थ ऐकणारा कान किडनीत फक्त नलिकेच्या पेशींना असतो, आणि तो ऐकला की त्या भराभर वाढतात.

मंडळी, ह्यावर जरा थांबा. पहिल्या दिवशी जो दाह नलिका मारतो, तोच पाचव्या दिवशी नलिका उभी करतो. तेव्हा 'दाह कमी करणारं काहीतरी द्या' हे वाक्य, मग ते काढ्याबद्दल असो की स्टेरॉइडबद्दल, ऐकायला बरं वाटतं पण त्याला तारीख लागते. कुठल्या दिवशी? ते कळल्याशिवाय उत्तर नाही. आणि जिवंत माणसाच्या किडनीत आज कितवा दिवस चाललाय हे बाहेरून सांगणारी सोपी तपासणी अजून आपल्या हातात नाही. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत या आजारावर एकही ठोस औषध निघालं नाही याचं निम्मं कारण हेच आहे. उंदरात दुखापतीची वेळ घड्याळ लावून ठरवता येते. माणूस येतो तो तिसऱ्या दिवशी की सहाव्या, ते त्याच्या गावाहून सुटणाऱ्या एसटीवर ठरतं.

सगळ्याच पेशी हे काम तडीला नेत नाहीत. पेशी विभागताना ठरावीक टप्प्यांतून जाते. २०१० मध्ये बॉनव्हेंत्रे यांच्याच गटाने दाखवलं, की मार मोठा असेल तर बऱ्याच पेशी विभागणीच्या उंबरठ्यावर, शेवटच्या टप्प्याच्या अलीकडे, अडकून पडतात. धड दोन होत नाहीत, धड जुनं कामही करत नाहीत. नुसत्या हाका मारत राहतात. त्या ऐकून नलिकांच्या मधल्या जागेतल्या पेशी कोलॅजेनचे धागे विणायला लागतात. जखम भरून यायची, तिथे वण पडतो. २०२० साली हम्फ्रीज यांच्या प्रयोगशाळेने एकेका पेशीचं केंद्रक वेगळं काढून त्यात कोणती जनुकं चालू आहेत हे पाहिलं. दुखापतीनंतर सहा आठवड्यांनीसुद्धा उंदराच्या किडनीत अशा अडकलेल्या पेशी होत्या, दाहाचे संदेश सोडतच होत्या. २०२३ मध्ये माणसाच्या किडनीचा असाच पेशीनिहाय नकाशा छापला गेला. त्यातही सावरण्यात अपयशी ठरलेल्या पेशी सापडल्या. एका पेशीने काम पुरं करावं आणि शेजारणीने अडकून पडावं, हे कशावर ठरतं? मार किती बसला, वय किती, साखर आधीपासून होती का, पहिल्या जखमेवर दुसरी बसली का, एवढं दिसतं. आतलं नेमकं सूत्र शोधणं चालू आहे.

आणि इथे क्रिएटिनिनचा तो आकडा आपल्याला फसवतो. किडनीची निम्म्याच्या आसपास ताकद गेली तरी क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसू शकतं, कारण उरलेले नेफ्रॉन जास्त काम करून भरपाई करतात. डिस्चार्ज कार्डवर १.१ लिहिलेलं असतं, माणूस खूश. आत दोन-चार लाख नेफ्रॉन वणात गेलेले असतात. जगभर मान्य असलेल्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच स्पष्ट लिहिलंय, की असा आजार होऊन गेलेल्या माणसाला तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, रक्तदाब. तीनच गोष्टी. आपल्याकडे तीन महिन्यांनी माणूस कुठे असतो? खरीप संपून रब्बीची पेरणी, नाहीतर टोळीबरोबर ऊसतोडीला. धडधाकट दिसणारा माणूस कशाला येईल तपासायला? मी त्याला दोष देत नाही. पण घरातल्या शिकलेल्या पोराच्या मोबाइलमध्ये ती तारीख टाकून ठेवता येते.

आपल्या भागात ही दुखापत कुठून येते तेही सांगतो. पहिली घोणस. पाय सुजतो, हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते. तिच्या विषाने रक्त गोठत नाही आणि किडनीच्या बारीक वाहिन्यांत मात्र गुठळ्या होतात. ओळखायची तपासणी कुठल्याही आरोग्य केंद्रात होते : कोरड्या, स्वच्छ, काचेच्या नळीत दोन मिलीलिटर ताजं रक्त घ्या, वीस मिनिटं हलवू नका, मग तिरकी करा. रक्त वाहिलं, म्हणजे गोठलं नाही. प्रतिविष द्यायचं. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. मांत्रिकाकडे गेलेले तीन तास म्हणजे किडनीचे तीन तास. घोणशीच्या दंशात कधी कधी किडनीच्या बाहेरच्या थराचाच रक्तपुरवठा तुटून तो थर मरतो; चंदीगडच्या किरपाल सिंग छुग यांनी भारतातल्या अशा रुग्णांचा मोठा अभ्यास केला होता. तिथे सावरायला पेशीच उरत नाहीत.

दुसरी म्हणजे पाणी. २०१६ चा एप्रिल तुमच्या लक्षात आहे. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या गाडीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात घागरीभर पाण्यासाठी तास तास उभ्या राहणाऱ्या बाईला स्वतः किती प्यायचं याचा हिशोब सुचणार नव्हता. उन्हात अंगातलं पाणी आटलेलं, वर जुलाब-उलट्या, आणि त्यावर कमरेच्या दुखण्याची गोळी. ह्या तिघांची गाठ पडू देऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी आवळतात. एरवी धडधाकट माणसाला एखादी गोळी चालून जाते. पाणी आटलेल्या किडनीला, किंवा नुकत्याच सावरत असलेल्या किडनीला, तीच गोळी म्हणजे जखमेवर दुसरा घाव. एकदा किडनी बंद पडून परत सुरू झालेल्या माणसाने दुकानातून अशी गोळी मागून घ्यायची नाही, आयुष्यभर. मेडिकलवाल्यानेही द्यायची नाही. समोर दोघे-तिघे मेडिकलवाले बसलेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणखी एक. 'स्टेम सेलने किडनी नवी' अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर येतात, पैसे लाखांत. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर किडनी बिघडलेल्या १५६ रुग्णांवर अमेरिका-कॅनडात मूळपेशी देऊन रीतसर चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल छापला. ज्यांना पेशी दिल्या आणि ज्यांना नुसतं सलाईनसारखं पाणी दिलं, दोघांच्या किडन्या सावरायला सारखाच वेळ लागला. एकर विकण्याआधी हे लक्षात ठेवा. डायलिसिस लागलंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याची सोय आहे, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

माझी वेळ संपत आली. प्रश्नोत्तरं सुरू होतील तेव्हा पहिला प्रश्न कोणता येणार ते मला माहीत आहे, कारण प्रत्येक गावात तोच येतो : पाणी किती प्यायचं? तर आत्ताच सांगून टाकतो. सावलीत बसणाऱ्याने तहान लागेल तेवढं. उन्हात राबणाऱ्याने तहानेची वाट न बघता, लघवी फिकट पिवळी राहील इतकं. जुलाब लागले तर नुसतं पाणी नाही, ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात. आणि ज्याची किडनी कायमची कमजोर आहे, पायांवर सूज आहे, दम लागतो, त्याने शेजाऱ्याचं ऐकून पाच लिटर ढोसायचं नाही. त्याचं माप त्याच्या डॉक्टरने लिहून दिलेलं तेवढंच. आता दुसरा प्रश्न विचारा.